आधी काय पेटले ते पाहा

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या सेक्रेटरींना पाठ असतात. राज्याच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून या दोन महिन्यांत घ्यावा लागतो. कायदा 2006 चा, अंमल 2008 च्या डिसेंबरपासूनचा, आणि दाखल्याचे बोलीतले नाव ‘फॉर्म बी’. एजन्सीचा माणूस येतो, जिन्यातली लाल नळकांडी उतरवतो, फडक्याने पुसतो, नवा स्टिकर चिकटवतो आणि पुन्हा खुंटीला लावतो. सभेत बिल मंजूर होते. या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : या जागी पेटण्यासारखे नेमके काय आहे?

प्रस्तुत पुस्तिका त्या प्रश्नापासून सुरू होते. लाकूड, तेल, गॅस, वायर, बॅटरी, धातूची भुकटी यांच्या ज्वाळा लांबून साधारण सारख्याच दिसतात. पण जे एकीला मारते तेच दुसरीला पोसते. पाणी कागदाची आग विझवते आणि कढईतल्या तेलाची आग छतापर्यंत नेते. कार्बन डायऑक्साइड विजेच्या पॅनलवर चोख काम करतो, मॅग्नेशियमची आग मात्र त्याच वायूतला ऑक्सिजन ओढून घेऊन जळत राहते. तेव्हा ‘सगळ्या आगींना चालणारे’ म्हणून विकले जाणारे यंत्र घेताना ग्राहकाने दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता यंत्रावरच्या लेबलाकडे बघावे, एवढे शहाणपण आले तरी या पुस्तिकेचे अर्धे काम झाले.

आगीला चार गोष्टी लागतात : जळण, उष्णता, ऑक्सिजन आणि ज्वाळेत अखंड चालू राहणारी रासायनिक साखळी. यांतली एक काढून घेतली की आग संपते. पाणी उष्णता खेचून घेते. फेस द्रवावर थर धरून त्याची वाफ कोंडतो. कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनला बाजूला सारतो. कोरडी पावडर मुख्यतः साखळी तोडते. प्रत्येक यंत्र यांतल्या एक-दोन गोष्टींवरच घाव घालते, आणि तो घाव बसेल की नाही हे जळणाच्या जातीवर ठरते. म्हणून भारतीय मानकांत आगींना अक्षरे दिलेली आहेत. ‘ए’ म्हणजे लाकूड, कागद, कापड असे घन पदार्थ. ‘बी’ म्हणजे पेट्रोल, थिनर, रंग असे द्रव. ‘सी’ म्हणजे वायू. ‘डी’ म्हणजे धातू. आणि त्यांच्या पंक्तीत उशिरा येऊन बसलेला ‘एफ’ म्हणजे स्वयंपाकाचे तेल-तूप. अग्निशामक कसे बनवावे हे आयएस 15683 सांगते. कुठले निवडावे, कुठे लावावे आणि कसे राखावे हे आयएस 2190 सांगते. दोन्ही मानके रुक्ष आहेत. पण त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक कलमामागे कुठे ना कुठे लागलेली एक आग आहे.

हाताने उचलून नेता येईल अशा यंत्राची कल्पनाही अशाच एका आगीतून निघाली. 1813 साली एडिंबरामध्ये इमारतीच्या वरच्या मजल्यांवर पेटलेली आग कॅप्टन जॉर्ज विल्यम मॅनबी या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिली. बंबांचे पाणी तिथवर पोचत नव्हते. मॅनबीने त्यानंतर तांब्याचे एक भांडे तयार केले. त्यात पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण आणि त्यावर दाबाने कोंडलेली हवा. तोटी उघडली की फवारा सुरू. आज जिन्यात टांगलेल्या नळकांड्याची मूळ रचना हीच आहे, आतला मालमसाला तेवढा बदलला.

घन पदार्थांच्या आगीत पाण्याला अजूनही तोड नाही. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर चढली, त्यात पाच जणांचा जीव गेला आणि कपाटांतल्या फायलींचे ढीग जळाले. कागदाचा गठ्ठा वरून विझलेला दिसतो आणि आत धुमसत राहतो. त्याच्या पोटात शिरून त्याला थंड करील असे दुसरे स्वस्त माध्यम नाही. दाबलेल्या कापसाचेही तेच. विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना विचारावे : गाठीत एकदा ठिणगी शिरली की बाहेरून पत्ता लागत नाही, आणि विझली म्हणून बाजूला काढलेली गाठ नंतर पुन्हा धुरावते. अशा ठिकाणी केवळ पावडरची नळकांडी टांगणे म्हणजे ज्वाळ बसवून निखारा जपणे होय.

मुंबई गोदीतला 1944 चा स्फोट याच कापसाच्या आगीतून झाला. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. 14 एप्रिलच्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या या जहाजाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला. बंबवाल्यांनी वापरलेले माध्यम बरोबर होते. त्यांनी नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले. पण दाट धुरात आगीचे मूळ सापडेना, पाणी कप्प्यात उकळू लागले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. 66 अग्निशमन कर्मचारी त्या दिवशी गेले. शहरात आणि गोदीत मिळून बळी शेकड्यांनी. 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. माध्यम अचूक असूनही ते आगीच्या बुडाशी पोचले नाही तर काय होते, याचे याहून भीषण उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधायला नको.

द्रवाच्या आगीत पाण्याची अडचण उघड आहे : पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते पाण्यावर तरंगत, जळत जळत गटारापर्यंत जाते. यावरचा उपाय तेलविहिरींच्या बाकू शहरातून आला. तिथे शिकवणाऱ्या अलेक्झांडर लोरान या रशियन रसायनशास्त्रज्ञाने तेलाच्या आगी पाहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विझवणारा फेस तयार केला. तेलापेक्षा हलका असलेला हा फेस त्याच्यावर पसरतो आणि वाफ वर येऊ देत नाही. पेट्रोल पंप, गॅरेज, जनरेटरच्या डिझेलची खोली इथे फेस किंवा पावडर लागते. पेट्रोल पंपावर वाळूच्या लाल बादल्याही असतात, आणि त्यांचे बूड गोल असते. जमिनीवर धड उभी न राहणारी बादली कोणी धुण्याभांड्यासाठी पळवत नाही, हा त्यातला साधा हिशेब.

फेसालाही एक पथ्य आहे, आणि महाराष्ट्रात ते विशेष महत्त्वाचे. साखर कारखान्यांच्या जोडीने राज्यात डिस्टिलऱ्या उभ्या आहेत आणि इथेनॉलच्या टाक्या भरलेल्या आहेत. अल्कोहोल पाण्यात मिसळते. ते साध्या फेसातले पाणी शोषून घेते आणि फेस बघता बघता विरून जातो. तिथे अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फेस लागतो. डिझेलसाठी घेतलेले नळकांडे उचलून स्पिरिटच्या गोदामात लावणे ही कागदावर न दिसणारी चूक आहे, कारण ‘फेस – एक नग’ ही नोंद दोन्हीकडे सारखीच होते.

आता स्वयंपाकघर. घरगुती आगींत सगळ्यांत ओळखीची आणि सगळ्यांत चुकीच्या पद्धतीने हाताळली जाणारी आग इथली असते, म्हणून पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरणही तिचेच आहे.

मंगल कार्यालयात सकाळची गडबड आहे. भट्टीवर मोठी कढई, पुऱ्यांचा एक घाणा निघालेला, दुसऱ्याला कणकेचे गोळे यायला वेळ लागतोय. आच तशीच मोठी. तेलावर आधी बारीक निळसर धूर धरतो. तो दोनशे तीस अंशांच्या आसपासचा इशारा असतो. आचारी दाराशी कोणाशी तरी बोलत उभा. धूर दाट होतो, डोळ्यांना झोंबू लागतो, आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास, ठिणगी न लागता, तेलाचा पृष्ठभाग आपोआप पेट घेतो. जवळ उभ्या असलेल्या पोऱ्याच्या हाताशी पाण्याचा पिंप असतो. तो तांब्याभर पाणी भिरकावतो. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते आणि तिथल्या उष्णतेने त्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा मागते. ती जागा कढईत नसते. म्हणून ती पेटते तेल थेंबाथेंबांनी वर आणि बाहेर फेकते, आणि कढईभर असलेली आग दोन सेकंदांत मांडवाच्या कापडापर्यंत पोचते.

योग्य कृती पाहायला फार साधी आहे. गॅस बंद करावा. बटण ज्वाळेच्या पलीकडे असेल तर हात न घालता सिलिंडरवरचा रेग्युलेटर फिरवावा. कढईवर परात किंवा मोठे झाकण बाजूने सरकवत आणून ठेवावे. वरून आपटू नये. मग तिथून दूर व्हावे. ‘विझली का बघू’ म्हणून झाकण उचलण्याचा मोह होतो आणि तिथेच दुसरा भडका उडतो, कारण आतले तेल अजून पेट घेण्याच्या तापमानावरच असते. पेटती कढई उचलून अंगणात नेण्याचा पराक्रम तर कोणीही करू नये; भाजल्याच्या कितीतरी कहाण्यांची सुरुवात तिथून होते.

आणि पावडर? घरात, हॉटेलांत सर्रास दिसणारे एबीसी पावडरचे नळकांडे कढईवर मारले तर ज्वाळ बसते, हे खरे. पण जवळून मारलेल्या झोतानेच तेल उडू शकते, आणि पावडर तेलाला थंड करत नाही. झोत संपला की तेल पुन्हा पेटते, तोवर नळकांडे रिकामे झालेले असते. अमेरिकेतल्या हॉटेलांना हा धडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेले आली, तळणीची भांडी उष्णता धरून ठेवू लागली, आणि तोवर चालणारी कोरडी रसायने अपुरी पडू लागली. 1994 मध्ये तिथल्या चाचणीचे निकषच बदलले. तेव्हापासून व्यावसायिक स्वयंपाकघरात ओल्या रसायनाचे अग्निशामक आले : पोटॅशियमच्या क्षारांचे द्रावण, लांब दांडीतून बारीक फवाऱ्याने सोडायचे. तापलेल्या तेलाशी त्याचा संयोग झाला की साबण तयार होतो. त्या साबणाच्या फेसाची साय तेलावर धरते, हवा तुटते आणि तेल निवत जाते. या द्रावणांत वापरल्या जाणाऱ्या क्षारांपैकी एक पोटॅशियम कार्बोनेट आहे, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मॅनबीने तांब्याच्या भांड्यात भरलेलेच. फरसाणाचा कारखाना, खानावळ, वडापावची मोठी गाडी, मंगल कार्यालय यांना ‘एफ’ अक्षराचे यंत्र हवे. आज यांतल्या बहुतेक ठिकाणी ते नाही, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. जेवणाच्या पंगतीतून उठून मुदपाकखान्यात डोकावले तरी पुरे.

स्वयंपाकघरातली दुसरी आग गॅसची. घरगुती सिलिंडरमधला 14.2 किलो एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळला की फरशीवर साचतो, ओट्याखाली शिरतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू उलट हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून खिडकी उघडावी हे दोघांनाही लागू असले, तरी वास कुठे आधी येईल ते वेगळे. गॅसच्या आगीत एक विचित्र वाटणारा नियम आहे : गॅस बंद करता येत नसेल तर ज्वाळ विझवू नये. ज्वाळ विझली आणि गळती चालूच राहिली, तर न दिसणारा वायू खोलीत साचतो आणि कुठल्यातरी बटणाच्या ठिणगीने एकदम उडतो. आधी व्हॉल्व्ह, मग बाकी सगळे. अग्निशमन दलाच्या प्रात्यक्षिकांत जवान पेटत्या सिलिंडरवर ओले पोते टाकून व्हॉल्व्ह बंद करून दाखवतात. त्यात पोते हे हात भाजू नये म्हणून आणि ज्वाळ दाबायला, खरे काम व्हॉल्व्हचे. ‘सी’ अक्षराच्या आगीवर पावडर चालते, पण तीही व्हॉल्व्हपर्यंत पोचण्याची सवड मिळावी म्हणून. गळतीसाठी 1906 हा क्रमांक देशभर चालतो.

याच ‘सी’ अक्षराने एक मोठा घोळ घालून ठेवला आहे. अमेरिकेत ‘सी’ म्हणजे विजेची आग. भारतात आणि युरोपात ‘सी’ म्हणजे वायू, आणि विजेला स्वतंत्र अक्षरच नाही. मोबाइलवर अमेरिकी व्हिडिओ पाहून शिकलेला माणूस भारतीय लेबल वाचतो तेव्हा त्याचा समज नेमका उलटा होऊ शकतो. विजेला अक्षर न देण्यामागचे तर्कशास्त्र मात्र पटण्यासारखे आहे. वीज जळत नाही. जळते ते वायरचे प्लास्टिक, लाकडी बोर्ड, आणि मीटर रूममध्ये कोणीतरी ‘तात्पुरती’ ठेवलेली रद्दी, जुनी गादी, पोरांची मोडकी सायकल. वीज फक्त विझवणाऱ्याला मारते. मेन स्विच पाडला की उरते ती साधी ‘ए’ आग. पण वीज कंपनीची केबल मेन स्विचच्या अलीकडे जिवंतच असते, हे मीटर रूमशी झटणारे विसरतात. म्हणून तिथे पाणी नको, फेस नको. कार्बन डायऑक्साइड किंवा पावडर, तीही अंतर राखून.

कार्बन डायऑक्साइडचे हातात धरायचे यंत्र जन्मलेच मुळी विजेसाठी. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीला आपल्या स्विचबोर्डांवर वापरता येईल असे, वीज न वाहून नेणारे आणि मागे घाण न ठेवणारे काहीतरी हवे होते. वॉल्टर किडी यांच्या कंपनीने ते बनवून दिले. काळा शंकूसारखा तोंडाचा भाग हीच त्याची ओळख. त्यावर दाबाचा काटा नसतो. आतला वायू द्रवरूपात असल्याने काटा काही सांगू शकत नाही, वजन करूनच भरणा कळतो. बाहेर पडताना वायू इतका गार होतो की त्याचा पांढरा बर्फ उडतो, उणे 78 अंशांचा. शंकूचा भाग हाताने धरला तर कातडी चिकटते. आणि लहान बंद खोलीत सगळे नळकांडे रिते केले तर आग विझते तशी विझवणाऱ्याचीही हवा संपते. या यंत्राचा झोत जेमतेम एक-दोन मीटर जातो, उघड्यावर वाऱ्याने उडून जातो. गुण आणि दोष इतके ठळक असलेले दुसरे अग्निशामक नाही.

रुग्णालयात हा सगळा हिशेब अवघड होतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बाळे गेली, आणि ‘फायर ऑडिट’ हा शब्द राज्यात घरोघरी पोचला. ऑडिटच्या यादीत नळकांड्यांची संख्या मोजली जाते. पण ज्या खोलीतले रुग्ण उठून पळू शकत नाहीत, जिथे ऑक्सिजन वाहतो आहे, तिथे पावडरचा पांढरा ढग सोडायचा का? तो श्वासात जातो, दिसेनासे करतो, यंत्रांच्या आत शिरून त्यांना गंजवतो. कार्बन डायऑक्साइड हवा हिरावतो. अशा ठिकाणांसाठी मागे काही न ठेवणारे ‘क्लीन एजंट’ वायू आणि शुद्ध पाण्याचे धुके सोडणारी यंत्रे आहेत. पूर्वी हे काम हॅलॉन करत असे, आणि फार उत्तम करत असे. पण तो ओझोनचा थर खातो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रिअल करारानंतर त्याला निरोप मिळाला. नवी यंत्रे महाग आहेत. अतिदक्षता विभागापुरता तरी हा खर्च टाळण्याजोगा नाही, असे पुस्तिकेचे स्पष्ट मत आहे.

गेल्या काही वर्षांत एक नवे जळण घरात आले आहे. 2022 च्या मार्चमध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटून एका लहान मुलाचा जीव गेला. लिथियम-आयन बॅटरीत एक सेल तापला की तो शेजारच्याला तापवतो, आतली रसायने स्वतःच उष्णता आणि जळणारे विषारी वायू सोडतात, आणि ही मालिका बाहेरची हवा तोडून थांबत नाही. पावडरने ज्वाळ बसते आणि काही वेळाने पुन्हा उठते. नावात लिथियम आहे म्हणून काहीजण याला धातूची, म्हणजे ‘डी’ आग समजतात आणि पाण्याला घाबरतात. तो समज चुकीचा आहे. इथे बॅटरी थंड करणे हेच काम आहे आणि त्याला पाणीच लागते, तेही भरपूर आणि बराच वेळ. चार्जर लावलेला असेल तर आधी तिकडची वीज तोडून. स्कूटरच्या बॅटरीसाठी मात्र कुठल्याही नळकांड्यावर भिस्त ठेवू नये. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे, 101 ला फोन करावा. त्याहून मोलाची गोष्ट आधीची : बॅटरी रात्री चार्जिंगला लावताना ती घराच्या एकुलत्या दाराच्या वाटेत ठेवू नये.

धातूंची ‘डी’ आग बहुतेक वाचकांच्या वाट्याला येणार नाही. भोसरी-चाकणच्या ज्या वर्कशॉपमध्ये मॅग्नेशियमचा किस किंवा ॲल्युमिनियमची भुकटी साचते, किंवा महाविद्यालयाच्या ज्या प्रयोगशाळेत सोडियम ठेवलेला असतो, तिथे ती ध्यानात हवी. 11 जून 1955 रोजी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत अपघातग्रस्त झालेल्या मर्सिडीज गाडीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. तिच्यावर पाणी मारले तेव्हा ती अधिकच भडकली आणि कित्येक तास जळत राहिली. पेटता मॅग्नेशियम पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मोकळा करतो. उपाय : खास क्षारांची कोरडी पावडर, नाहीतर कडकडीत कोरडी वाळू. ओलसर वाळूही घात करते.

मग घरासाठी एकच घ्यायचे तर? एबीसी पावडर, दोन किंवा चार किलोचे, आयएसआय चिन्हाचे. सगळ्या माध्यमांत ते सर्वांत बहुगुणी आहे, सर्वांत चांगले कुठेच नाही. त्यातले मोनोअमोनियम फॉस्फेट तापून वितळते आणि लाकूड-कापडावर चिकट थर धरते, म्हणून ‘ए’वरही चालते, नुसत्या सोडियम बायकार्बोनेटच्या बीसी पावडरला हे जमत नाही. लेबलावर ‘एमएपी 50’ किंवा ‘एमएपी 90’ असे लिहिलेले असते ते या फॉस्फेटचे प्रमाण. किमतीतला बराचसा फरक तिथे असतो. शिवाय ‘21बी’, ‘34बी’ असे आकडे असतात. आकडा मोठा तितकी मोठी आग ते चाचणीत विझवू शकले. दोन कंपन्यांची यंत्रे ताडून बघायची तर किलोपेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक. टांगायचे शेगडीच्या वर नाही, तर स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे घ्यायला आगीकडे जावे लागणार नाही. आणि कढईसाठी मोठे झाकण हाताशी असू द्यावे; ते अजून तरी कुठल्याही फॉर्मवर मागितले जात नाही.

काटा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. काटा फक्त दाब सांगतो. आतली पावडर वर्षानुवर्षे उभी राहून तळाशी बसली आहे का, तिचे गठ्ठे झाले आहेत का, की रिफिलच्या नावाखाली नुसता स्टिकर बदलला आहे, यातले काही तो सांगत नाही. पावडरच्या यंत्राची दर तीन वर्षांनी आणि कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी व्हावी, आणि अनुक्रमे दहा व पंधरा वर्षांनी ती मोडीत काढावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. रिफिल करून घेताना जुने नळकांडे एजन्सीने नुसते उचलून नेण्याऐवजी सभासदांसमोर चालवून दाखवावे, असा आग्रह धरता येतो. पावडर नाहीतरी टाकायचीच असते. त्या निमित्ताने चार जणांना पिन ओढून पाहता येते, आणि सहा किलोचे नळकांडे पंधरा-वीस सेकंदांत संपते हे कळते. ज्याने ते आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या आगीसमोर उचलले, त्याचा निम्मा झोत ज्वाळेच्या शेंड्यावर वाया जातो. झोत बुडाशी हवा आणि झाडू मारल्यासारखा डावीकडून उजवीकडे फिरता.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती सुरुवातीलाच सांगितलेली बरी. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत 14 जण गेले. तिथे छपराचे, सजावटीचे सामानच असे होते की आग काही मिनिटांत सगळीकडे पसरली. तेवढ्या आगीला कुठलेही अक्षर लिहिलेले नळकांडे पुरत नाही. हाताचे अग्निशामक हे पहिल्या एक-दोन मिनिटांचे, टेबलाएवढ्या आगीचे साधन आहे. ज्वाळ छताला लागली, धुराने दिसेनासे झाले, किंवा पाठीमागची वाट आगीकडून अडण्याची शक्यता दिसली, की नळकांडे टाकून बाहेर पडावे. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक जागेसाठी कुठले यंत्र, किती आणि कुठे, हे तपशिलाने येईलच. ती वाचण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या मजल्यावरचे नळकांडे खुंटीवरून उतरवून त्यावरची अक्षरे, काटा आणि बनवल्याचे वर्ष वाचावे, आणि त्याच्यापासून पंधरा मीटरच्या आत पेटण्याजोगे काय काय आहे याची यादी एका कागदावर करावी.